शब्दचर्चा : विश्वास ‘बसणे’, ‘ठेवणे’ आणि ‘टाकणे’

प्रश्न

आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांत) लेंटच्या, म्हणजे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाच्या, दिवसांत वाचण्यासाठी एक छोटी पुस्तिका तयार होत आहे. मसुद्यातले पहिलेच वाक्य असे आहे : ‘ख्रिस्ती जीवन म्हणजे प्रेम, श्रद्धा आणि देवापुढे आत्मसमर्पण.’ या एका वाक्यावरून बरीच चर्चा झाली. ‘श्रद्धा’ हा आपल्या शास्त्रातला शब्द नव्हे, तेथे ‘विश्वास’ हवा, असे ज्येष्ठांचे म्हणणे आहे. तरुणांना ‘विश्वास’ हा शब्द बँकेच्या जाहिरातीतला वाटतो. ‘आत्मसमर्पण’ वाचून तर एकाला गडचिरोलीच्या नक्षलवाद्यांची बातमी आठवली, आणि तो शब्द त्यानंतर कोणालाच गंभीरपणे वाचता येईना. श्रद्धा, विश्वास, भरवसा आणि भाव यांच्यात नेमका कोणता अर्थभेद आहे, आणि समर्पणाची कल्पना सरळ मराठीत कशी मांडावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद : नगर

प्रथम व्युत्पत्ती पाहू, जरी तिच्याने वाद मिटत नाही. ‘विश्वास’ हा ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणे या धातूपासून आला आहे. जेथे निर्धास्तपणे श्वास घेता येतो, तेथे विश्वास असतो. ‘श्रद्धा’ हा ‘श्रत्’ आणि ‘धा’ यांपासून बनलेला अतिशय जुना शब्द असून लॅटिन ‘क्रेडो’ हा त्याचा सख्खा भाऊ आहे. पाश्चात्त्य चर्चमधला श्रद्धांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटले जाणारे विश्वासाचे कबुलीवचन, ज्या शब्दाने सुरू होतो तोच हा ‘क्रेडो’. तेव्हा ‘श्रद्धा’ हा शब्द ख्रिस्ती परंपरेला परका आहे, हे ज्येष्ठांचे म्हणणे भाषाशास्त्राच्या अंगाने टिकत नाही. वापराच्या अंगाने मात्र ते टिकते. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या वाचनात पिढ्यान्‌पिढ्या ‘विश्वास’च आहे : ‘विश्वास, आशा, प्रीती ही तिन्ही टिकणारी आहेत’. ज्याने हे वचन लहानपणी पाठ केले, त्याच्या कानाला ‘श्रद्धा, आशा, प्रेम’ हे बरोबर असूनही परके वाटणार.

माझ्या मते नामापेक्षा क्रियापद अधिक सांगते. मराठीत विश्वास ‘बसतो’, विश्वास ‘ठेवतात’ आणि विश्वास ‘टाकतात’, आणि या तिन्ही गोष्टी एक नव्हेत. ‘त्याच्या बोलण्यावर माझा विश्वास बसला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात आपले कर्तृत्व काही नसते. पुरावा पाहिला, अनुभव आला आणि विश्वास आपोआप बसला. ‘मी त्याच्यावर विश्वास ठेवला’ यात निर्णय आहे. पुरावा अपुरा असतानाही विश्वास ठेवता येतो, किंबहुना अपुरा असतो तेव्हाच ‘ठेवणे’ हे क्रियापद आपण हटकून वापरतो. ‘मालकाने मुनिमावर विश्वास टाकला’ यात तर किल्ल्याच हातातून गेल्या आहेत. टाकलेल्या विश्वासात काहीतरी आपल्या ताब्यातून सुटलेले असते.

शास्त्रवाचनातली वाक्ये या कसोटीवर पाहावीत. देवाविषयी ‘विश्वास बसला’ असे तेथे क्वचितच आढळते. ‘विश्वास ठेवणे’ जागोजाग आहे. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप म्हणतो, ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका.’ त्या माणसाचा विश्वास बसलेला नाही, हे तो स्वतःच कबूल करतो. शिष्यांकडून मुलगा बरा झालेला नाही, भोवती शास्त्री वाद घालीत आहेत, आणि तरीही तो मुलाला घेऊन तेथून निघून जात नाही. ‘ठेवणे’ म्हणजे काय, हे याहून स्पष्ट दाखवणारे उदाहरण मला ठाऊक नाही. याउलट याकोबाच्या पत्रात भुतेही देव एकच आहे असा विश्वास धरतात आणि थरथर कापतात. त्यांचा विश्वास पुरता बसलेला आहे. त्यांनी टाकलेला मात्र काहीच नाही.

‘मानणे’ या क्रियापदाचेही असेच आहे. ‘मी देव मानतो’, ‘मी देवाला मानतो’ आणि ‘मी देवाचे मानतो’ या तीन वाक्यांत विभक्तीच तेवढी बदलते. पण पहिल्यात अस्तित्व, दुसऱ्यात आदर आणि तिसऱ्यात आज्ञापालन आहे. पुस्तिकेत यावर एक परिच्छेद लिहावा, अशी माझी सूचना आहे, कारण हा फरक समजावण्यासाठी मराठी वाचकाला परक्या भाषेची मदत लागत नाही.

प्रतिसाद : वसई

आम्हा कॅथलिकांमध्ये ‘श्रद्धा’ आणि ‘श्रद्धावंत’ हे शब्द रुळलेले आहेत, आणि प्रार्थनाविधीत ते ऐकताना कोणालाही शिर्डीची ‘श्रद्धा-सबुरी’ आठवत नाही. तेव्हा ‘आपला शब्द’ आणि ‘त्यांचा शब्द’ हा भेद मंडळीमंडळीनुसार बदलतो, एवढे नोंदवून ठेवतो. ‘श्रद्धा’ या शब्दाची खरी अडचण महाराष्ट्रात निराळी आहे. गेल्या काही दशकांत ‘अंधश्रद्धा’ हा शब्द इतका प्रचारात आला, 2013 साली त्या विषयावर कायदाही झाला, की नुसती ‘श्रद्धा’ उच्चारली तरी समोरचा ‘डोळस की आंधळी?’ असे विचारतो. ‘अंधविश्वास’ हा शब्द आपण मराठीत सहसा वापरत नाही, तो हिंदीतला आहे. त्यामुळे मराठी ‘विश्वास’ त्या वादातून सुटला.

‘विश्वास’ ठेवण्याला माझा आणखी एक आधार आहे. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेतल्या ‘पिस्टिस’ या शब्दात विश्वास ठेवणे आणि विश्वासाला पात्र असणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. गलतीकरांस पत्रात आत्म्याचे फळ सांगताना जेथे मराठीत ‘विश्वासूपणा’ आहे, तेथे मुळात ‘पिस्टिस’च आहे. ‘विश्वासी’ आणि ‘विश्वासू’ ही जोडी मराठीत एका अक्षराच्या अंतरावर उभी आहे. श्रद्धेपासून असा शब्द तयार होत नाही. ‘श्रद्धाळू’ माणसावर व्यवहारात कोणी पैसे सोपवील याची खात्री नाही, ‘विश्वासू’ माणसावर मात्र सोपवतात. हिब्रूतही हेच आहे : खंबीर, भरवशाचे असणे या अर्थाच्या ज्या धातूपासून विश्वासाचे शब्द येतात, त्याच धातूपासून आपला ‘आमेन’ आला आहे.

प्रतिसाद : मडगाव

कोकणीतली एक गंमत सांगते. आमच्याकडे विश्वास, आशा, प्रीती यांना अनुक्रमे ‘भावार्थ’, ‘भरवंसो’ आणि ‘मोग’ म्हणतात. म्हणजे मराठीत जो ‘भरवसा’ विश्वासाच्या शेजारी राहतो, तो कोकणीत आशेच्या घरी नांदतो. ‘भावार्थ’ आणि ‘भावार्थी’ हे शब्द जुने आहेत. 1616 साली राचोलला रोमन लिपीत छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात ते भेटतात. मराठी वाचकाला ‘भावार्थ’ म्हणजे कवितेखालचा सारांश वाटेल, म्हणून तो पुस्तिकेत घ्यावा असे मी सुचवणार नाही.

प्रतिसाद : नगर

मडगावच्या ताईंनी ‘भाव’ पुढे आणला हे उत्तम झाले. मराठी जुन्या करारात ‘बाटाख’ या हिब्रू क्रियापदासाठी ‘भाव ठेवणे’ हा प्रयोग वारंवार येतो. नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात ‘तू आपल्या अगदी मनापासून परमेश्वरावर भाव ठेव’ असे आहे. ही थेट आपल्या संतांची भाषा आहे. ‘देव भावाचा भुकेला’ म्हणणाऱ्या आणि तुकोबांचे ‘भाव तैसें फळ’ ओठांवर असणाऱ्या वाचकाला ते वचन उपरे वाटले नसणार. रेव्हरंड ना. वा. टिळक आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत, ते या शब्दापुरते तरी अक्षरशः खरे आहे. दुर्दैवाने आज ‘भाव’ म्हटले की कांद्याचा, नाहीतर कोणीतरी खाल्लेला, एवढेच तरुणांच्या डोक्यात येते.

‘भरवसा’ मी तिसऱ्या जागी ठेवीन. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात विश्वासाची व्याख्या करताना ‘आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा’ असे म्हटले आहे. म्हणजे कृती विश्वासाची, आणि तिच्यातून मनाला येणारे स्थैर्य म्हणजे भरवसा.

प्रतिसाद : पुणे

मी ख्रिस्ती नाही, भाषेच्या कुतूहलाने हे वाचतो आहे. देवावर सगळे सोपवण्याला मराठीत ‘देवावर हवाला ठेवणे’ असा रूढ वाक्प्रचार आहे. तो सोडून ‘समर्पण’ हा जड शब्द कशासाठी? आणि आपल्या बोलण्यात असे सगळे प्रयोग, ‘हवाला’ काय किंवा ‘रामभरोसे’ काय, हात झटकण्याच्या अर्थाने वापरले जातात. ख्रिस्ती समर्पण त्याहून वेगळे आहे, की केवळ शब्द भारदस्त आहे?

प्रतिसाद : नगर

आपला प्रश्न रास्त आहे. ‘हवाला’ आणि ‘रामभरोसे’ हे शब्द प्रयत्न संपल्यावर, किंवा प्रयत्न करायचाच नसतो तेव्हा, तोंडी येतात. सत्कार्यासाठी लागणारा पैसा मागत न फिरता देवाकडेच मागायचा, हा मार्ग पंडिता रमाबाईंनी धरला होता, आणि त्या मार्गाला बाहेरून पाहणारा ‘देवावर हवाला’ हेच नाव देईल. पण केडगावला काय होते ते पाहावे. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी मुक्ती सदन उभे राहिले. तेथे विहिरी खणल्या गेल्या, शेती झाली, विणकाम चालले, छापखाना चालला. त्याच रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक अभ्यासून साऱ्या बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर केले, आणि एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली गेल्यानंतरही ते काम सोडले नाही. ते हातावेगळे होते न होते तोच 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन झाले. येथे सोपवणे आणि राबणे एकाच दिवसात, एकाच माणसाकडून होते आहे. याला ‘हवाला’ म्हणता येत नाही.

आता ‘समर्पण’. हा शब्द मराठीत सकर्मक वृत्तीचा आहे. ‘कोणाला’ याच्याबरोबर तो ‘काय’ हेही विचारतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीरे ‘जिवंत, पवित्र व देवाला ग्रहणीय यज्ञ म्हणून समर्पण करावीत’ असे आहे. तेथे ‘काय’ याचे उत्तर आहे : आपली शरीरे, म्हणजे सकाळी उठून कामाला लागणारे हेच हातपाय. नुसते ‘देवापुढे आत्मसमर्पण’ लिहिले की ‘काय’ हा प्रश्न अनुत्तरित राहतो, आणि वाचक त्या मोकळ्या जागी पोलीस अधीक्षकांसमोर ठेवलेल्या बंदुका भरतो. ‘शरण जाणे’ हा प्रयोग त्यामानाने बरा, कारण ‘शरण’ म्हणजे मुळात आसरा. पराभवाचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘सोपवून देणे’ हा साधा प्रयोग. वधस्तंभावर येशूचे शेवटचे शब्द लूक असे देतो : ‘हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो.’ ते एकतिसाव्या स्तोत्रातून आले आहेत. लूकने तेथे जे ग्रीक क्रियापद वापरले आहे, त्याच कुळातले नाम तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात येते, आणि मराठीत त्याचे रूप ‘ठेव’ असे झाले आहे. ती ठेव राखण्यास तो समर्थ आहे, असे पौल म्हणतो. हरलेला माणूस शस्त्र खाली टाकतो आणि ठेवीदार आपली मोलाची वस्तू ओळखीच्या माणसाच्या स्वाधीन करतो. दोघांचेही हात रिकामे होतात, पण दोन्ही कृतींना एक शब्द लावणे योग्य नाही. तरुणांना बँक आठवली, ती अगदीच वाट चुकून नव्हे.

सोपवणे म्हणजे गप्प बसणे असाही अर्थ पुस्तिकेतून निघू देऊ नये. गेथशेमाने बागेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको तर तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे’ हे वाक्य दुसरे आहे. त्याआधी हा प्याला दूर करावा अशी उघड विनवणी आहे. आजारी माणसाच्या उशाशी आपण फक्त दुसरे वाक्य म्हणतो आणि पहिले म्हणणाऱ्याला अल्पविश्वासी ठरवतो, हा आपल्या मंडळ्यांचा जुना दोष आहे.

प्रतिसाद : वसई

वरील विवेचनाशी सहमत आहे. ‘प्रेम’ की ‘प्रीती’ हे तेवढे राहिले. ‘प्रीती करणे’ आज बोलीत उरलेले नाही, नाट्यपदांत आणि उपासनेत मात्र ते आहे. तरीही ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ या आज्ञेत तो शब्द मला हवा वाटतो. ‘प्रेम’ हे ‘बसते’ किंवा ‘जडते’ही, आणि शेजाऱ्यावर ते जडेल याची हमी नाही; आज्ञा तर करण्याची आहे. येशूने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात वाटेवर पडलेल्या जखमी माणसाविषयी त्या शोमरोनी वाटसरूला कळवळा आला एवढे सांगून लूक थांबत नाही : तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, दोन दीनार काढून दिले आणि वर लागेल तो खर्च परत येताना देईन असे सांगितले. एवढी क्रियापदे ‘जडणे’ या शब्दात मावत नाहीत.

पृच्छक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वाक्य आता असे करत आहोत : ‘ख्रिस्ती माणूस देवावर विश्वास ठेवतो, शेजाऱ्यावर प्रीती करतो आणि आपले जीवन देवाच्या हाती सोपवून देतो.’ नामे गेली आणि वाक्य लांबले, पण वाचून दाखवल्यावर कोणी अडले नाही. एक लहान शंका उरते. जुन्या प्रतींत ‘प्रीति’ ऱ्हस्व छापलेले आहे. आम्ही काय करावे?

प्रतिसाद : पुणे

1962 च्या शुद्धलेखन नियमांनुसार शब्दाच्या शेवटी येणारी इकारान्त तत्सम रूपे दीर्घ लिहावयाची असतात, म्हणून ‘प्रीती’. सामासिक शब्दात पहिले पद मूळ संस्कृतातल्याप्रमाणे ऱ्हस्व राहते. तेव्हा पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर उपासनेनंतरच्या जेवणाचे निमंत्रण असेल, तर तेथे ‘प्रीतिभोजन’ असेच छापावे.