फ्लटरच्या टेक्स्टफील्डमधे मात्रा गळतायत, सुनीताची सनत झाली

रात्रपाळी_डेव्ह:
मंडळी एका पतसंस्थेचं छोटं ॲप करतोय फ्लटरमधे (गूगलचं ॲप बनवायचं टूलकिट), सभासदाचं नाव भरायला साधा टेक्स्टफील्ड आहे. आकडे न् चिन्हं नकोत म्हणून इनपुट फॉर्मॅटर (टाइप करतानाच नको ते गाळणारा फिल्टर) लावला, आधी नुसतं ए टू झेड दिलं होतं तर मराठी काही उमटेचना, मग शोधाशोध करून रेगेक्समधे (कोणती अक्षरं चालतील ते सांगणारा नमुना) बॅकस्लॅश पी आणि महिरपी कंसात एल टाकलं, युनिकोड ट्रू केलं. आता अक्षरं येतात पण काना मात्रा वेलांटी सगळं गायब, सुनीता टाइप केलं की सनत, विठ्ठलचा वठठल. काउंटरवरच्या काकूंनी फोनवर वाचून दाखवलं, हसू आवरेना पण सोमवारी डेमो आहे. दुसरं म्हणजे डबल स्पेस काढायला ऑनचेंज्डमधे (प्रत्येक बदलाला चालणारा कोड) दरवेळी कंट्रोलर डॉट टेक्स्ट, म्हणजे फील्डमधला मजकूर, परत सेट करतो, तर नावातलं मधलं अक्षर दुरुस्त करायला गेलं की कर्सर पळतो. फोनवरून लिहितोय म्हणून कोड टाकत नाही.

जुना_अँड्रॉइडवाला:
एल म्हणजे फक्त लेटर. त्यात क ख ग, अ आ येतात. वेलांटी, उकार, अनुस्वार, पाय मोडायचा हलन्त हे युनिकोडच्या लेखी मार्क, त्यांचा गट एम. त्याच चौकटी कंसात एलच्या शेजारी तसंच पी एम घाल, सुनीता परत येईल.
पण तेवढ्यावर थांबू नकोस, कऱ्हाडकर टाइप करून बघ. हा ऱ्ह काही कीबोर्ड नुक्त्याच्या ऱ ने काढतात, काही साधा र, हलन्त आणि मधे झिरो विड्थ जॉइनर टाकून. तो जॉइनर, यू प्लस २००डी, ना एल मधे ना एम मधे, तो गाळला की र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि कर्‌हाडकरचं कर्हाडकर होतं. मी यात एक अख्खी दुपार घालवलीय, कारण माझ्या फोनवर चालायचं आणि क्लायंटच्या नाही.

मीठभाकर:
नावाच्या फील्डला फिल्टर लावूच नये असं माझं स्पष्ट मत. उद्या कोणी आद्याक्षरापुढे टिंब देईल, डि'सोझा येईल, किती जणांना अडवणार? चुकीचं वाटलं तर सेव्ह करताना खाली लाल ओळ दाखव, टाइप करताना हातातून अक्षर काढून घेऊ नकोस.
कर्सरचं सांगते. कंट्रोलर डॉट टेक्स्टला नवीन स्ट्रिंग दिली की सिलेक्शन, म्हणजे कर्सरची जागा, उणे १ वर जातं आणि कंपोझिंगची रेंज रिकामी होते, म्हणजे कीबोर्ड जो शब्द अजून जुळवत होता तो मधेच तुटतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी करणाऱ्या कीबोर्डवर तर फारच वैताग. बदलायचंच असेल तर टेक्स्ट नाही, व्हॅल्यू सेट कर, सिलेक्शन सोबत देऊन. पण डबल स्पेससाठी एवढं कशाला, फोकस गेल्यावर एकदा साफ कर ना.
आणि कंट्रोलर बिल्डमधे, म्हणजे स्क्रीन दरवेळी नव्याने काढणाऱ्या फंक्शनमधे, तर बनवत नाहीयेस?

रात्रपाळी_डेव्ह:
बिल्डमधेच होता ताई 🙈 तरीच शाखा निवडली की सेटस्टेट होऊन, म्हणजे स्क्रीन परत काढली जाऊन, नाव पुसलं जायचं, मला वाटलं काकू चुकून पुसतायत. एकदाच चालणाऱ्या इनिटस्टेटमधे हलवला, शेवटी तो मोकळा करणारा डिस्पोजपण लिहिला. फिल्टर काढून टाकला. आता नवीनच, मॅक्सलेंग्थ ३० आहे, खालचा काउंटर सुनीताला ३ दाखवतो पण माझा व्हॅलिडेटर (भरलेलं तपासणारा कोड) ६ मोजतो.

जुना_अँड्रॉइडवाला:
दोघंही आपापल्या जागी बरोबर. काउंटर डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजतो, सु नी ता. डार्टचं (फ्लटरची भाषा) लेंग्थ मात्रा वेगळ्या धरतं. व्हॅलिडेटरमधे कॅरॅक्टर्स डॉट लेंग्थ वापर. आणि बॅकएंडवाल्याला, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याला, विचार की त्याची मर्यादा अक्षरांत आहे की बाइट्समधे, यूटीएफ ८ मधे (मजकूर साठवायची पद्धत) याच सुनीताचे १८ बाइट होतात.

रात्रपाळी_डेव्ह:
विचारलं. बाइट्समधे आहे, ५०. म्हणजे सुनीता विठ्ठल कऱ्हाडकर बसतच नाही त्यात. त्याला फोन लावतोय.