दायमाबादचा गेंडा: प्रवरेकाठी खरोखर गेंडे होते का?

प्रश्न (प्रवरातीर):
श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका भिल्ल शेतकऱ्याला जमीन खणताना तांब्याच्या चार मूर्ती मिळाल्या. दोन बैलांचा रथ व त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा अशा या भरीव मूर्तींचे एकत्रित वजन ६० किलोहून अधिक आहे. बैल आणि रेडा आमच्या रोजच्या पाहण्यातले आहेत, परंतु एकशिंगी गेंडा आज आसाम आणि तराईच्या दलदलीच्या गवताळ प्रदेशात आढळतो. मग या मूर्ती घडल्या त्या काळी प्रवरेच्या काठीही गेंडे होते, असे या मूर्तीवरून मानावे का? आमच्या भागातील मुलांना ही माहिती सांगायची असल्याने जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर (मृद्‌भांड):
केवळ मूर्तीवरून तसे मानू नये, असे माझे मत आहे. मोहेंजोदडोच्या ज्या मुद्रेला (कोरीव शिक्क्याला) ‘पशुपती’ म्हणण्याचा प्रघात आहे, तिच्यात आसनस्थ आकृतीभोवती हत्ती, वाघ, गेंडा आणि रेडा कोरलेले आहेत. म्हणजे वाघ वगळता उरलेले तिन्ही पशू दायमाबादला चाकांच्या चौथऱ्यांवर उभे असलेले दिसतात. हा योगायोग मला वाटत नाही. दायमाबादच्या उत्तर हडप्पाकालीन (सिंधू संस्कृतीच्या अखेरच्या टप्प्यातील) थरात सिंधू लिपीची चिन्हे असलेल्या मुद्रा आणि खापरे सापडली आहेत, त्यामुळे तेथील लोकांचा सिंधू परंपरेशी संबंध होता हे निश्चित आहे. कोणते पशू घडवायचे हे त्या परंपरेनेच ठरवले असेल, तर कारागिराने दारातले जनावर पाहून मूर्ती केली असे गृहीत धरण्याचे कारण उरत नाही. सिंधूच्या मुद्रांवरील गेंडा मात्र कातडीच्या घड्यांसह इतका नेमका कोरलेला आहे की, ती प्रतिमा प्रथम घडवणाऱ्यांनी तो प्राणी जवळून पाहिला असला पाहिजे.

उत्तर (जुने नाणे):
वरील मताशी मी बराचसा सहमत आहे, तरी काळाविषयी सावध राहावे. या मूर्ती शास्त्रीय उत्खननात मिळालेल्या नाहीत, आणि वादाचे मूळ तेथेच आहे. पुरातत्त्वज्ञ म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि तेथे प्रदीर्घ उत्खनन करणारे एस. ए. साळी यांनी त्या उत्तर हडप्पाकालीन मानल्या; डी. पी. अगरवाल यांनी मात्र धातूत १ टक्क्याहून अधिक अर्सेनिक असल्याचे दाखवून त्या बऱ्याच नंतरच्या, म्हणजे लेखी पुरावे मिळणाऱ्या ऐतिहासिक काळातील असाव्यात, असे म्हटले, कारण अन्य ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरात असलेल्या काळातील) वस्तूंत असे मिश्रण आढळले नव्हते. मला पहिला पक्ष अधिक पटतो.

गेंडा पूर्वी आजच्यापेक्षा पुष्कळ पश्चिमेपर्यंत होता, हे मुलांना निःशंकपणे सांगावे. गुजरातमधील लांघणज या प्रागैतिहासिक स्थळी त्याची हाडे सापडली आहेत, गुप्त सम्राट पहिला कुमारगुप्त याच्या एका सुवर्णनाण्यावर राजा घोड्यावरून गेंड्याची शिकार करताना दिसतो, आणि बाबराने तर पेशावरच्या परिसरातील गेंड्यांचे वर्णन लिहून ठेवले आहे. गुजरातपर्यंतची ही व्याप्ती पाहता दख्खनच्या लोकांनी गेंड्याविषयी ऐकले असणे किंवा त्यांच्यापैकी काहींनी तो पाहिला असणे मुळीच अशक्य नव्हते.

प्रतिसाद (प्रवरातीर):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. या मूर्ती मुलांची खेळणी होत्या, असे आमच्याकडे काही जण म्हणतात. तेही बरोबर आहे का?

उत्तर (मृद्‌भांड):
इतक्या वजनाची भरीव वस्तू मुलाच्या हाती खेळायला दिली जाईल, हे संभवत नाही. गेंडा आणि रेडा अजूनही आपल्या भरीव चाकांवर उभे आहेत, तर हत्तीची चाके व आस नष्ट झाले आहेत. यावरून त्या ओढून नेण्यासाठी केल्या होत्या हे दिसते, आणि एखाद्या मिरवणुकीचा तर्क मला सर्वांत सयुक्तिक वाटतो. रथाच्या दांडीवर उभा असलेला लहानसा कुत्रा मुलांना आवर्जून दाखवावा, कारण त्याच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. गेंड्याविषयी सांगताना, कलेत प्राणी दिसणे हा एक पुरावा आणि थरांत त्याची हाडे मिळणे हा निराळा पुरावा, एवढा भेद त्यांना समजावून दिला तरी पुरेसे आहे.