मॅडमनी खोडलेला एस: 'सबमिट' की 'सबमिट्स'?

रेघोटी
आठवडा झाला, एक एस डोक्यातून जात नाहीये. ऑफिसात पत्रांचे मसुदे तपासून पुढे पाठवणं हे माझं काम. परवा वरिष्ठ मॅडमच्या मसुद्यात वाक्य होतं, 'वुई रिक्वेस्ट दॅट द क्लायंट सबमिट द फॉर्म.' मी लगेच 'सबमिट्स' केलं. क्लायंट एकच, तृतीय पुरुष, साधा वर्तमानकाळ, म्हणजे एस हवाच. मॅडमनी पेन्सिलीनं माझा एस खोडला, 'आधीचं बरोबर होतं' म्हणाल्या आणि मीटिंगला निघून गेल्या.

घरी येऊन शाळेची वही काढली. बारा काळांचा तक्ता मला आजही तोंडपाठ आहे: आय वर्क, आय अ‍ॅम वर्किंग, आय हॅव वर्क्ड, आय हॅव बीन वर्किंग... त्यात हा खोडलेला एस कुठेच बसत नाही. आणि 'इफ आय वर्क्ड देअर, आय वुड नो' यात रूप भूतकाळाचं, पण बोलणं आजचं! नियमित क्रियापदाची ही गत असेल तर मी पाठ काय करायचं? कुणी नीट समजावून सांगेल का?

पानोपानी
हे सब्जंक्टिव्ह. रिक्वेस्ट, सजेस्ट, डिमांड, रेकमेंड यांच्यानंतर 'दॅट' आलं आणि पुढे कुणी काहीतरी करावं असं सांगायचं असलं की क्रियापद मूळ रूपात राहतं. मध्ये 'शुड' आहे असं धरून वाचा: 'दॅट द क्लायंट शुड सबमिट.' ब्रिटिश लिखाणात तो 'शुड' उघडपणे लिहिलेलाही दिसतो.

धातुसाधित
रेघोटीताई, मी बरीच वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतोय आणि तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तक्ता क्षणभर बाजूला ठेवा. नियमित क्रियापदाची रूपं फक्त चार: सबमिट, सबमिट्स, सबमिटेड, सबमिटिंग. आपल्या 'थांब'चं बघा: थांबतो, थांबते, थांबला, थांबली, थांबलं, थांबेन, थांबशील, थांबावं... मोजत बसलो तर संध्याकाळ होईल. इंग्रजीत 'ही वेटेड' आणि 'शी वेटेड' सारखंच. भविष्यकाळाला तर स्वतःचं रूपच नाही, 'विल' मदतीला येतं. बारा काळ म्हणजे या चार रूपांना बी, हॅव, विल यांची जोड.

आता तुमचा एस. मराठी व्याकरणात आपण काळांबरोबर अर्थही शिकलो होतो: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. मॅडमचं वाक्य मराठीत म्हणून बघा. 'क्लायंटनं फॉर्म द्यावा अशी विनंती.' तिथे आपण 'देतो' म्हणत नाही. देतो ही घडणारी गोष्ट, द्यावा ही अपेक्षा. आपण अपेक्षेसाठी वेगळा प्रत्यय लावतो, इंग्रजी असलेला एस काढून घेते. म्हणून 'आय' किंवा 'दे' असताना हा फरक दिसतच नाही, तिथे काढायला एस नसतोच.

माझी आवडती जोडी देतो:
'शी इन्सिस्ट्स दॅट ही वर्क्स हिअर.' तो इथे काम करतो, असं ती ठासून सांगते.
'शी इन्सिस्ट्स दॅट ही वर्क हिअर.' त्यानं इथे काम करावं, असा तिचा आग्रह आहे.
एका एसवर अख्खा अर्थ फिरतो. नकारही असाच, 'डझ' न घेता: 'दॅट ही नॉट साइन.'

'इफ आय वर्क्ड'चं नवल वाटू देऊ नका. 'पाऊस थांबला तर निघू' म्हणताना पाऊस अजून पडतच असतो ना? मग 'थांबला' कसं? 'जर-तर'साठी आपणही भूतकाळाचं रूप वापरतो. फरक इतकाच, की अशा शक्य गोष्टीला इंग्रजी वर्तमानकाळ वापरते, 'इफ द रेन स्टॉप्स', आणि वस्तुस्थिती तशी नाही हे सांगायचं असलं की 'वर्क्ड'कडे वळते.

पाठांतराची मेहनत करायचीच असेल तर ईडीवर करा. वॉक्डचा शेवट कानाला 'ट' लागतो, ओपन्डचा 'ड', आणि वेगळं 'इड' ऐकू येतं ते फक्त टी किंवा डीनंतर: वेटेड, नीडेड. 'वॉकेड' म्हणणारे माझ्या वर्गात दर वेळी असतात, कारण त्यांनी शब्द आधी वाचलेला असतो, ऐकलेला नसतो. स्पेलिंगमध्ये जोर कुठे पडतो ते ऐका. 'सबमिट'चा जोर 'मिट'वर, म्हणून सबमिटेडमध्ये टी दोनदा. 'व्हिजिट'चा जोर सुरुवातीला, म्हणून व्हिजिटेडमध्ये एकदाच.

कडेकडेनं
धातुसाधित, ती इन्सिस्टची जोडी वहीत उतरवून घेतली. माझ्याकडून एक भर: 'डिड'नं भूतकाळ एकदा दाखवला की ईडी पुन्हा नको. 'डिड नॉट सबमिटेड' मी कितीतरी मेलमध्ये वाचलंय. आणि रेघोटी, आपला रीती भूतकाळ, 'मी रोज चालत असे', त्याला 'आय यूज्ड टू वॉक' अगदी चपखल बसतं.

रेघोटी
सगळ्यांचे मनापासून आभार. 'द्यावा' वाचलं आणि मला मॅडमची पेन्सिल कळली. इतकी वर्षं मी कर्ता बघून एस लावत होते, वाक्य काय मागतंय ते बघतच नव्हते.

आज दुसऱ्या मसुद्यात आलं, 'वुई रेकमेंड दॅट द क्लायंट नॉट चेंज द डेट.' गेल्या आठवड्यात मी तिथे 'डझ' घातलं असतं. आज मनात 'बदलू नये' म्हणून पाहिलं आणि वाक्य जसंच्या तसं पुढे पाठवलं.