एकच काम करणारी चिमुकली अ‍ॅप्स : तुमचे अनुभव सांगा

मंडळी, गेल्या आठवड्यात नवा संगणक घेतला. फायली आणल्या, प्रिंटर जोडला, वॉलपेपरसुद्धा जुनाच लावला. तरी दोन दिवस दुसऱ्याच्या खुर्चीत बसल्यासारखं वाटत होतं. मग उमगलं, की घड्याळाशेजारी जी चिल्लीपिल्ली बसलेली असायची ती आलेलीच नाहीत. हा धागा त्यांच्यासाठी. मोठी सॉफ्टवेअरं नकोत. नुसती नावं टाकून पळूही नका. कधी कामी आलं आणि कधी तोंडघशी पाडलं, दोन्ही सांगा.

मीच सुरुवात करते. माझं एव्हरीथिंग. काम एकच, फाइल शोधणं. एनटीएफएस (विंडोजची फायली मांडून ठेवायची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवर सगळ्या फायलींची एक मुख्य नोंदवही असते, मास्टर फाइल टेबल. हे अ‍ॅप फोल्डरामागून फोल्डर धुंडाळत न बसता थेट ती वहीच वाचतं. दोन अक्षरं टाइप होईस्तोवर यादी समोर! पहिल्यांदा वापरलं तेव्हा इतक्या लवकर आलेली यादी अर्धवट असणार असं समजून मी हातानं पडताळून पाहिली होती. शोध मात्र मुख्यतः नावावरून. आतला मजकूर शोधायला लावलं की तेही रांगायला लागतं. त्यामुळे फायलींना धड नावं द्यायची सवय लागली, हा वरचा फायदा.

*

एव्हरीथिंगला +१. त्याच वहीवर चालणारं दुसरं म्हणजे विझट्री. माझी डिस्क सारखी भरायची. मी दर महिन्याला जीव मुठीत धरून फोटो उडवायचो, तरी लाल पट्टी हलेना. विझट्री चालवलं तर सगळी डिस्क रंगीत चौकोनांत समोर आली. जेवढी फाइल मोठी तेवढा चौकोन मोठा. त्यात एक चौकोन जवळपास निम्मा पडदा व्यापून बसलेला. तो निघाला तीन वर्षांपूर्वी बदललेल्या फोनचा बॅकअप. फोटो मी उगाच उडवले. ते काही परत आले नाहीत.

*

भाषांतराचं काम करते, त्यामुळे कॉपी-पेस्ट हाच धंदा. विंडोजमध्ये २०१८ पासून क्लिपबोर्डचा इतिहास आहे (विंडोजचं बटण आणि व्ही), पण तो २५ गोष्टींवर थांबतो आणि पिन न केलेलं सगळं संगणक पुन्हा सुरू केला की पुसलं जातं. मला परवा कॉपी केलेली संज्ञा आज लागते. म्हणून डिट्टो. सगळं साठवतं आणि त्यात शोधताही येतं.

आता तोंडघशी पडल्याचा किस्सा. मीटिंगमध्ये माझा पडदा सगळ्यांना दिसत होता. एक वाक्य हवं म्हणून डिट्टो उघडलं आणि यादीत सगळ्यात वर माझा ईमेलचा पासवर्ड! सकाळीच कुठूनतरी कॉपी केला होता. कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं. मीटिंग संपायच्या आत पासवर्ड बदलला. आता पासवर्ड कीपासमध्ये. ते कॉपी केलेला पासवर्ड क्लिपबोर्डवरून काही सेकंदांत आपण होऊन पुसतं. शिवाय कुठल्या अ‍ॅपमधलं साठवायचं नाही हे डिट्टोला सांगून ठेवता येतं. हे आधी माहीत हवं होतं.

*

साधं नोटपॅड. पहिल्या ओळीत टिंब आणि त्याला चिकटून रोमन कॅपिटल अक्षरांत एल-ओ-जी लिहा, फाइल सेव्ह करून बंद करा. पुढच्या वेळी उघडताच शेवटी तारीख-वेळ आपोआप उमटते. झाली रोजनिशी. वेगळं अ‍ॅप कशाला?

*

कॅफीन कुणीच कसं घेतलं नाही? संगणक झोपू नये एवढ्यासाठीच ते आहे. दर ५९ सेकंदांनी ते एफ१५ ही कळ दाबल्याचं सोंग करतं. आपल्या कीबोर्डावर कळा एफ१२ ला संपतात, पण विंडोजला एफ१५ ठाऊक आहे, आणि सहसा कुठलंच सॉफ्टवेअर त्या कळेला दाद देत नाही. म्हणजे कळ दाबली जाते पण होत काहीच नाही. ज्याला हे सुचलं त्याला दंडवत. (ऑफिसच्या संगणकावर बाहेरचं काही टाकायच्या आधी विचारून घ्या. मी विचारलं नव्हतं. एवढंच सांगतो.)

*

थोडा विरोधी सूर. प्रत्येक अ‍ॅप ‘मी छोटंसं’ म्हणत येतं आणि संगणकाबरोबर सुरू व्हायची परवानगी मागतं. माझ्याकडे अशी चौदा झाली होती. संगणक चालू करून आंघोळ उरकून यावं, तरी चक्र फिरतंच आहे. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन सुरुवातीच्या यादीतून अकरा काढली आणि एकाचीही आठवण आली नाही. पडदा रात्री पिवळसर करणारं एफ.लक्स मी वर्षानुवर्षं वापरलं, पण २०१७ पासून विंडोजमध्ये नाइट लाइट आलं तेव्हाच त्याला निरोप द्यायला हवा होता. नवं टाकण्याआधी ती सोय घरातच आहे का ते बघा.

*

वरच्यांशी सहमत, पण फोटो बघायच्या इरफानव्ह्यूला हात लावायचा नाही! १९९६ पासून चालू आहे, आणि इरफान स्किल्यान या एकाच माणसाचं काम आहे. घरगुती वापराला फुकट, कंपनीला परवाना लागतो. बी दाबलं की एका झटक्यात शेकडो फोटो लहान करता येतात. याच सोयीनं मी भाचीच्या बारशाचे सगळे मूळ फोटो बोटाच्या नखाएवढे करून ठेवले, कारण ‘जुन्यावरच लिहा’ या चौकटीत खूण होती. अ‍ॅपनं सांगितल्याप्रमाणेच केलं, सांगणारा मी. बहीण अजून काढते तो विषय.

*

उतरवताना सांभाळा. शोधल्यावर वर जी साइट दिसते तिच्यावर ‘डाउनलोड’ची चार हिरवी बटणं असतात, त्यातलं खरं एखादंच. बनवणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरूनच घ्या. तेवढ्यानंही नेहमी भागतंच असं नाही म्हणा. २०१७ मध्ये संगणकाची साफसफाई करणाऱ्या सीक्लीनरच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच घातक कोड घुसवला गेला होता. मी तर साफसफाई करणारी अ‍ॅप्स वापरणंच सोडलं.

*

माझ्याजवळ एक स्टॉपवॉच आहे. इन्स्टॉल करावं लागत नाही, एकच फाइल, दोनशे केबीसुद्धा नाही. मोठे आकडे, सुरू आणि थांबा. बस्स. मुलांकडून उजळणी करून घेताना वापरतो. बनवणाऱ्याची साइट कधीच बंद झाली. आभार मानायला ईमेल पाठवला होता, तो परत आला. तेव्हापासून तीन संगणक बदलले. प्रत्येक वेळी सगळ्यात आधी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतो, मग बाकीचं सामान.