एपॉक्सीच्या हार्डनरची ॲलर्जी आहे हे नक्की कसं ओळखायचं?

फ्लोअरिंगवाला, भोसरी
आमची चार जणांची टोळी कारखान्यांत एपॉक्सी फ्लोअरिंग करते, म्हणजे रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर असे दोन डबे मिसळून जमिनीवर पसरतो. त्यातल्या एका पोराला दीड वर्ष काही झालं नाही. दिवाळीनंतर बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, बारीक पाण्याचे फोड आले. आता पापण्या इतक्या सुजतात की सकाळी डोळे उघडत नाहीत. आठवडाभर गावी गेला की बरा होतो, कामावर आला की दुसऱ्या दिवशी परत तेच. ठेकेदार म्हणतो, उष्णता आहे, सब्जा खा. बाकी तिघांना काहीच नाही, म्हणून मलाही कळेना. हार्डनरचे दोन थेंब त्याच्या दंडावर लावून खात्री करून घेऊ का?

पट्टीवाली ताई
दादा, थेंब अजिबात लावू नका. हार्डनर जात्याच दाहक असतो, तो तुमच्याही दंडावर लाल चट्टा उठवेल. म्हणजे कळणार काहीच नाही, आणि ज्याला ॲलर्जी नाही त्याला त्यातूनच लागायची.

मी अकरा वर्षं त्वचारोग विभागात पॅच टेस्टच्या, म्हणजे ॲलर्जी तपासायच्या, पट्ट्या लावतेय. एपॉक्सी रेझिन पेट्रोलियम जेलीत फक्त १ टक्का मिसळलेलं असतं. ते छोट्या वाटीतून पाठीवर चिकटवायचं. सोमवारी लावलं तर बुधवारी, म्हणजे ४८ तासांनी, काढायचं आणि शुक्रवारी पुन्हा बघायचं. शुक्रवार चुकवू नका. बुधवारी पाठ कोरी होती म्हणून घरी बसलेल्या एका रंगाऱ्याला मी फोन करून बोलावलं, तर एपॉक्सीच्या जागी बारीक फोडांचा गोल उठला होता. ही ॲलर्जी उशिरा उमटते. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम नाही. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगा.

तिघांना काही नाही याला अर्थ नाही. कुणाला महिन्यात होते, कुणाला कित्येक वर्षांनी, कुणाला कधीच नाही. आणि एक सांगा, तो हात थिनरने पुसतो का?

फ्लोअरिंगवाला, भोसरी
हो ताई, सगळेच पुसतो. हातमोजे दवाखान्यातले असतात तसले पातळ. सप्लायर तर म्हणतो, आमच्या मालाने कुणाला काही होत नाही.

प्रयोगशाळेतला
सप्लायरकडे सेफ्टी डेटा शीट, म्हणजे मालाचे धोके लिहिलेला कागद, मागा. त्यात एच३१७ हा धोक्याचा कोड दिसला तर त्याचा अर्थच 'त्वचेची ॲलर्जी होऊ शकते' असा आहे.

ताई सांगतात ती माणसाची तपासणी, आमची रसायनाची. पूर्वी गिनीपिगवर व्हायची, मग उंदराच्या कानाला तीन दिवस रसायन लावून जवळच्या लसिकाग्रंथीत पेशींची वाढ मोजायला लागले. तिप्पट झाली की रसायन दोषी. आता प्राण्यांशिवायही जमतं. ॲलर्जी आणणारा छोटा रेणू त्वचेतल्या प्रथिनाला चिकटतो, म्हणून सिस्टीन आणि लायसीन ही अमिनो आम्लं असलेल्या पेप्टाइडांसोबत (प्रथिनाच्या छोट्या तुकड्यांसोबत) तो २४ तास ठेवून किती पेप्टाइड उरलं ते मोजतो. एकट्या चाचणीवर निकाल देत नाहीत. दोन-तीन चाचण्या जोडून निकाल कसा काढायचा याची ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शिका २०२१ला आली.

थिनर आजच बंद करा. त्याने त्वचेचं तेल जातं आणि रेझिन आत शिरायला वाट मिळते. पातळ लेटेक्स रेझिनला अडवत नाही.

फ्लोअरिंगवाला, भोसरी
शीट मिळाली. ए आणि बी, दोन्ही डब्यांच्या शीटवर एच३१७ आहे. पोराला मिक्सिंगवरून काढून सामान आणायला लावलंय. सोमवारी पट्टी लावायची आहे, दोन्ही शीट त्याच्याजवळ देतोय. शुक्रवारी मी स्वतः त्याला घेऊन जाईन.