मदत हवी आहे: जुन्या गाडीच्या सस्पेन्शनला कोणता लेप द्यावा?

पुढचं सस्पेन्शन पूर्ण उघडलंय. विशबोन (चाकाला चेसिसशी जोडणारे हात), कॉइल स्प्रिंग, अँटी-रोल बार (वळणावर गाडी फार कलू न देणारा दांडा), बोल्ट, सगळं उघड्या लोखंडावर आणायचंय. गाडी पावसातही चालणार, नुसती प्रदर्शनाची नाही.

विशबोनला पावडर कोटिंग नको असं वाटतं. दिसतं झकास, पण दगड लागून टवका उडाला की पाणी आत शिरतं आणि वरून चकचकीत दिसत असताना खालून गंज पसरतो. शिवाय बोल्टच्या बैठकीवर ६०-१०० मायक्रॉनचा थर राहिला तर तो हळूहळू दबतो आणि आवळलेला बोल्ट सैल पडतो. म्हणून ब्लास्टिंग (ग्रिटचा मारा करून जुना रंग-गंज काढणं), मग इपॉक्सी प्रायमर आणि वर टू-के (हार्डनर मिसळून लावायचा) चेसिस ब्लॅक रंग. बुशची (सांध्यातल्या रबरी नळ्यांची) भोकं व बैठका टेप लावून कोऱ्या. इथे कुणाचं वेगळं मत आहे का?

खरी अडचण बोल्टची. ८.८ ग्रेडला (आकडा मोठा तितका बोल्ट मजबूत) झिंक प्लेटिंग चालेल. १०.९ आणि त्यावरच्यांना मात्र ॲसिड पिकलिंगमध्ये (प्लेटिंगआधी ॲसिडने गंज काढताना) हायड्रोजन आत शिरून ते ठिसूळ होण्याची भीती. प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत, पॅसिव्हेशनच्या (झिंकवरच्या शेवटच्या संरक्षक रासायनिक थराच्या) आधी, हायड्रोजन घालवायला साधारण २०० अंशांवर बेकिंग हवं. प्लेटिंगवाले हे खरंच करतात की नाही, तुम्ही कसं तपासता? की सरळ झिंक-फ्लेक लेपाचे (ॲसिड-विजेच्या प्लेटिंगऐवजी झिंकच्या पापुद्र्यांचा लेप दिलेले) नवे बोल्ट घ्यावेत?

त्याच भीतीपोटी स्प्रिंगला प्लेटिंग नकोच. पण वाकताना न तडकणारा रंग कोणता? बारीक ग्रिटने ब्लास्टिंग केलं तर शॉट पीनिंगला (कारखान्यात बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभागाला दिलेल्या मजबुतीला) धक्का लागतो का?