सव्वाचार वर्षांच्या नातवाच्या बोटांसाठी खेळ सुचवावेत (मदत हवी आहे)

नमस्कार. माझा नातू सव्वाचार वर्षांचा असून यंदा ज्युनिअर केजीत आहे. आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. मुलगा आणि सून दोघेही सकाळीच नोकरीला बाहेर पडतात, त्यामुळे शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत तो माझ्याजवळ असतो. मी स्वतः ३१ वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले. परंतु माझ्या वर्गात येणारी मुले लिहायला शिकूनच येत असत, हात कसा तयार होतो हे पाहण्याची वेळ माझ्यावर कधी आली नाही.

गेल्या महिन्यात शाळेने त्याच्या वहीवर शेरा लिहिला : "लेखनात मागे आहे, घरी रोज २ पाने गिरवून घ्यावीत." चार दिवस मी ती घेतली. तो पेन्सिल मुठीत धरतो आणि इतकी दाबतो की रेघेचा वळ मागच्या पानावर उठतो. अर्धे पान होईपर्यंत त्याचा खांदा कानाला लागलेला असतो, जीभ ओठांबाहेर आलेली असते, आणि मग "आजी, हात दुखतो" म्हणून तो वही लोटून देतो. पाचव्या दिवशी दप्तराची चेन उघडताच त्याला रडू फुटले, तेव्हा मी गिरवणे बंद केले. सुनेला ते पटले आहे. मुलाच्या मनात मात्र मूल मागे पडेल ही धास्ती आहे आणि मी ती चुकीची म्हणणार नाही.

त्याच आठवड्यात मी मटार सोलत बसले असताना तो शेजारी येऊन बसला. मी एक शेंग त्याच्या हातात दिली. त्याने ती दोन्ही बाजूंनी न्याहाळली, टोकाशी अंगठा दाबला, शेंग टचकन उघडली आणि आतले दाणे अंगठ्याने एकेक पुढे ढकलत तो वाटीत पाडू लागला. प्रत्येक दाणा पडला की तो थांबून वाटीत बघत होता. पाऊण तास हे चालले होते आणि त्या पाऊण तासात हात दुखतो असे तो एकदाही म्हणाला नाही. पेन्सिल पेलायला जी बोटे लागतात तीच इथे काम करत होती, हे मला त्या दिवशी प्रथम नीट दिसले.

तेव्हापासून मी यासंबंधी वाचत आहे. मनगटात ८ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात, पुढे एकेक करून हाड बनत जातात आणि शेवटचे हाड तयार व्हायला ८ ते १२ वर्षांचे वय उजाडते, ही गोष्ट मला इतकी वर्षे शिक्षिका असूनही माहीत नव्हती. मुले साधारण तिसऱ्या वर्षी गोल आणि चौथ्या वर्षाच्या आसपास अधिकचे चिन्ह पाहून काढतात, चौकोन त्यानंतर येतो आणि त्रिकोण त्याहूनही उशिरा. तीन बोटांत पेन्सिल धरून केवळ बोटे हलवत लिहिणे साडेचार ते सहाच्या दरम्यान जमू लागते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पहिलीचा प्रवेश वयाच्या ६ व्या वर्षी आहे, म्हणजे आमच्या हाताशी अजून पावणेदोन वर्षे आहेत. हा वेळ पाने भरण्यात घालवू नये असे माझे मत झाले आहे.

घरातल्या घरात जे सुचले ते सुरू केले आहे. पोळ्या करताना कणकेची एक गोळी त्याला मिळते. संध्याकाळी देवापाशी कापसाच्या वाती वळतो. त्याची वात मध्येच जाड होते, पण निरांजनात त्याचीच लावायची असा त्याचा आग्रह असतो. रांगोळीचे ठिपके मी तांदळाच्या पिठीचे घालून घेते, कारण हात तोंडात जाण्याची त्याची सवय अजून गेलेली नाही. माझे माहेर पिंपळगाव बसवंतचे. तिथे उन्हाळ्यात आई आणि काकू परातीभोवती बसून गव्हले आणि नखुल्या वळत असत, आणि आम्हा मुलींना चिमटीत पीठ घेऊन तासन्‌तास बसवत असत. आमच्या बोटांना हे वळण तिथेच लागले असावे असे आता वाटते. मी त्याला गव्हले वळायला बसवले, परंतु ते त्याच्यासाठी फारच बारीक काम ठरले आणि तो चिडला. म्हणजे खेळांना काहीतरी क्रम असला पाहिजे, आणि तो मला कळत नाही.

बालवाडीत काम केलेल्यांनी किंवा या विषयातल्या जाणकारांनी मला हा क्रम सांगावा, अशी विनंती आहे. दुसरे असे की तो चमचा डाव्या हाताने धरतो आणि पेन्सिल कधी उजव्या, कधी डाव्या. नातेवाईक म्हणतात आत्ताच उजव्याची सवय लावा. लावावी का? आणि केवळ सरावाचा अभाव कोणता व डॉक्टरांना दाखवण्यासारखी अडचण कोणती, हे घरच्या माणसाने कसे ओळखावे? घरात त्याची दीड वर्षाची बहीणही आहे, तेव्हा खेळ सुचवताना तेवढे ध्यानात घ्यावे.

प्रतिसाद

ताई, मी नाशिकरोडला २२ वर्षे बालवाडी चालवली. तुम्ही गिरवणे थांबवलेत ते योग्यच केलेत.

क्रमाबद्दल सांगायचे तर सुरुवात बोटांपासून करू नका, खांद्यापासून करा. लिहिताना ज्याचा खांदा कानाला लागतो, त्याच्या खांद्यात आणि दंडात अजून पुरेसा जोर आलेला नसतो, म्हणून बोटांचे काम खांदा करू पाहतो. बागेतल्या दांडीला लटकणे, तुम्ही पाय धरायचे आणि त्याने हातांवर चालायचे अशी ढकलगाडी, बादलीतले पाणी तांब्याने झाडांना घालणे, हे रोज होऊ द्या. गच्चीच्या भिंतीवर रंगाऱ्याचा ब्रश पाण्यात बुडवून त्याला हवे ते रंगवू द्या. उभ्या भिंतीवर काम करताना मनगट आपोआप मागे वळते, आणि लिहिताना मनगट तसेच असावे लागते.

त्यानंतर मुठीचा आणि तळव्याचा जोर : कणीक तिंबणे, शाडूची माती मळणे, ओला स्पंज एका भांड्यातून दुसऱ्यात पिळणे, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटे लावणे. चिमट्याचा खेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात अंगठा आणि पहिली दोन बोटेच दाबावी लागतात. मटार याच टप्प्यातला, म्हणून तो रमला. चिमटीची कामे, म्हणजे ठिपके, फुले ओवणे, गव्हले, ही त्याच्याही नंतरची. गव्हल्यांआधी त्याला बोराएवढ्या गोळ्या वळू द्या, मग वाटाण्याएवढ्या.

कात्रीचेही असेच आहे. आधी शाडूची किंवा कणकेची वळी कापू द्या, कारण ती हातात दुमडत नाही. मग कागदाच्या कडेला झालर, मग बोटभर रुंदीची पट्टी एका घावात, आणि रेघेवरून कापणे सर्वांत शेवटी. लिहायला लांब पेन्सिल देऊच नका. पाटी आणि खडूचा नखाएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरताच येत नाही, त्यामुळे बोटे न सांगता पुढे येतात.

यासाठी विकतचे काही लागत नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आसपास मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभे केले. आम्हीही चिंचोके, बाटल्यांची झाकणे आणि सुतळी यांवरच वर्ग चालवला. मात्र धाकटी जागी असताना चिंचोके, मणी, वाटाणे काढू नका आणि खेळ संपल्यावर मोजून ठेवा. नाकात अडकलेला वाटाणा ओलाव्याने फुगतो आणि काढणे अवघड होते.

हात बदलायला लावू नका. बहुतेक मुलांचा हात ४ ते ६ वर्षांच्या दरम्यान पक्का होतो. वस्तू त्याच्या बरोबर समोर, मध्यभागी ठेवा आणि कोणता हात पुढे येतो ते नुसते टिपून ठेवा. डावा ठरला तर डावखुऱ्यांची कात्री आणा. साध्या कात्रीने त्याला कागद नीट कापताच येणार नाही आणि दोष त्याच्या हाताला दिला जाईल.

डॉक्टरांकडे जावे ते एक हात तो वापरायचे टाळत असेल, हात थरथरत असतील, बोटे फारच ढिली लागत असतील, आधी जमणारी गोष्ट आता जमेनाशी झाली असेल, किंवा पाचवे उलटूनही मोठे बटण, चमचा, झाकण यांपैकी काहीच जमत नसेल तर. बालरोगतज्ज्ञ गरज वाटल्यास ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठी सराव करून घेणाऱ्या तज्ज्ञांकडे, पाठवतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून २ वेळा तपासणी होते, त्यामुळे जवळच्या अंगणवाडीतही चौकशी करता येईल.

धागाकर्तीचे उत्तर

ताई, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद मुलालाही वाचायला दिला. आज चिमटे त्याच्या हाती दिले; पहिले दोन उलटे धरले, तिसरा बाबांच्या रुमालाला लागला आणि नंतर दोरीवर जागा उरली नाही. दोन्ही हात आलटून पालटून वापरत होता, ते तारखेसह लिहून ठेवले आहे. सोमवारी वर्गशिक्षिकांना भेटणार आहे. गिरवण्याच्या २ पानांऐवजी पाटीवरचे आडवे-उभे फराटे घरचा अभ्यास म्हणून चालतील का, असे त्यांना विचारावे म्हणते. शिक्षिकेच्या जागेवरून तुम्हाला हे मागणे कसे वाटले असते, ते सोमवारच्या आत कळवलेत तर बरे होईल.